पारावरचा वड कोणाचा?

सांगली जिल्ह्याच्या मिरज तालुक्यातील भोसे हे गाव २०२० च्या जुलै महिन्यात एकाएकी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. गावाजवळ यल्लम्मा देवीच्या मंदिरापाशी उभा असलेला, सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा वटवृक्ष रत्नागिरी-नागपूर राष्ट्रीय महामार्गाच्या आखणीत येत होता. मोजणी झाली होती, खुणा पडल्या होत्या, आता कुऱ्हाड पडायचीच काय ती बाकी होती. ग्रामस्थ आणि परिसरातील वृक्षप्रेमी झाडाभोवती उभे राहिले. वृत्तपत्रांनी बातमी उचलली. राज्याचे तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांना पत्र लिहिले आणि गडकरी यांनी आखणीत बदल करण्याचे आदेश दिले. दोन परस्परविरोधी पक्षांचे मंत्री एका वडासाठी एकत्र आले, याचे तेव्हा सर्वत्र कौतुक झाले आणि ते योग्यच होते.

मात्र त्या कौतुकाच्या भरात एक प्रश्न कोणी विचारला नाही. भोशाचा वड तेव्हा कोणत्या कायद्याने वाचला? उत्तर सरळ आहे : कोणत्याही नाही. तो वाचला लोकांच्या जिद्दीमुळे, वृत्तपत्रांमुळे, एका पत्रामुळे आणि एका मंत्र्याच्या समंजसपणामुळे. ज्या गावात पत्रकार पोहोचला नाही, ज्या झाडाचे छायाचित्र कोणी काढले नाही, त्या झाडाला यांपैकी काहीच लाभले नाही. आळंदीहून पंढरीला जाणाऱ्या वाटेवर पिढ्यान्‌पिढ्या वारकऱ्यांनी ज्यांच्या सावलीत पाठ टेकली, असे किती वड रस्ता रुंद करताना गेले, याची मोजदाद त्या त्या गावाच्या दप्तरात शोधूनही सापडणार नाही. रस्ता हवाच, पालखी सुखाने जावी हेही खरे. पण कोणते झाड वाचवण्यासाठी रस्ता चार हात वळवायचा, हे ठरवण्याचा अधिकार त्या वाटेवरील एकाही ग्रामसभेला नव्हता.

महाराष्ट्रात वृक्षसंरक्षणाचा कायदाच नाही, असे मात्र नाही. १९७५ पासून झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा स्वतंत्र अधिनियम आहे. त्याखाली वृक्ष प्राधिकरणे आहेत, वृक्षगणना आहे, तोडीपूर्वी जाहीर सूचना आणि हरकती आहेत. २०२१ मध्ये त्यात महत्त्वाची सुधारणा झाली. पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला 'प्राचीन वृक्ष' ही संज्ञा मिळाली आणि असे झाड तोडणे अटळच ठरले, तर त्याच्या वयाच्या आकड्याइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन आले. कायदा चांगला आहे. अडचण एवढीच, की त्याच्या शीर्षकातच कंसात दोन शब्द आहेत : 'नागरी क्षेत्रे'. महापालिका, नगरपालिका, नगरपंचायत यांची हद्द संपली की हा कायदाही संपतो. सांगली शहरातील एखाद्या सोसायटीच्या आवारातील पन्नास वर्षांचा गुलमोहर कायद्याच्या दृष्टीने प्राचीन वृक्ष आहे. भोशासारख्या खेड्यातील चारशे वर्षांचा वड नुसते 'झाड' आहे. वृक्षांची ही चातुर्वर्ण्यव्यवस्था कोणत्या शास्त्रात सांगितली आहे?

ग्रामीण भागासाठी दुसरा कायदा आहे, तो त्याहून जुना. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४. त्याच्या अनुसूचीत सोळा जाती आहेत : साग, आंबा, फणस, चिंच, मोह, जांभूळ, हिरडा, खैर, चंदन, ऐन, किंजळ अशी नामावळी आहे; खारफुटीही आहे. यांपैकी झाड स्वतःच्या शेतातील असले तरी ते तोडण्यास वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. मग त्यात वड आहे का? नाही. पिंपळ? नाही. उंबर? तोही नाही. ज्या झाडांखाली गावाचा पार असतो, ज्यांना सूत गुंडाळले जाते, ज्यांच्या फळांवर हरियल आणि धनेश जगतात, त्यांपैकी एकही या यादीत नाही. यादी करणाऱ्याने झाडाकडे लाकडाच्या आणि फळाच्या बाजारभावाने पाहिले, हे उघड आहे. वडाच्या लाकडाला भाव नाही, म्हणून वडाला कायदा नाही. वास्तविक वनस्पतिशास्त्र नेमके उलटे सांगते. उन्हाळ्यात इतर झाडांवर काही नसते तेव्हा वड-पिंपळ-उंबर कुळातील कोणते ना कोणते झाड फळांनी लगडलेले असते, आणि पक्षी, वटवाघळे, वानरे त्यावर तग धरतात. ज्या समाजाने ही तिन्ही झाडे तोडणे पाप मानले, त्याला हे कोणत्या प्रयोगशाळेत कळले कोण जाणे; पण कळले होते एवढे खरे.

आता दंडाचे पाहू. या १९६४ च्या अधिनियमात विनापरवाना तोडीला दंड होता जास्तीत जास्त एक हजार रुपये. साठ वर्षांपूर्वी ती रक्कम जरब बसवणारी होती. आज सागाच्या एका ओंडक्यात ती कितीदा तरी वसूल होते. म्हणून २०२४ च्या ऑगस्टमध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा दंड पन्नास हजार रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. शहरांतून त्याचे स्वागत झाले. कोकणातून मात्र विरोध झाला आणि तो तीव्र होता. मुंबई-पुण्याच्या पर्यावरणप्रेमींना या विरोधात केवळ लाकूडव्यापाऱ्यांचा हात दिसला. तेवढेच खरे मानणे अन्यायाचे ठरेल. कोकणातील जंगल मोठ्या प्रमाणात खासगी मालकीचे आहे. मुलीचे लग्न, घराचे छप्पर, आजारपण अशा वेळी शेतकरी चार झाडे विकतो; ती त्याची ठेव असते. त्या ठेवीला हात लावण्यासाठी तलाठ्यापासून वनपालापर्यंत खेटे घालावे लागतात, आणि खेटे घालूनही काम 'असेच' होत नाही, हे कोणत्याही खेड्यात विचारले तरी कळेल. दंड पन्नास पट झाला तर गुन्हा पन्नास पटींनी कमी होतो की मिटवामिटवीचा भाव पन्नास पटींनी वाढतो, हा शेतकऱ्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

याहून खोल परिणाम वेगळाच आहे. परवान्याच्या जाचामुळे शेतकरी बांधावर साग, चंदन, खैर लावायलाच कचरतो. आपोआप उगवलेले रोप तो लहानपणीच उपटून टाकतो. कारण ते मोठे झाले की त्याचे राहत नाही, सरकारचे होते, अशी त्याची भावना असते. कायद्याने झाड वाचवायचे ठरवले आणि झाडाच्या मालकालाच झाडाचा वैरी करून ठेवले! उलट अनुभवही हाताशी आहे. वन अधिनियमात बांबू हा 'वृक्ष' धरला जात असे, म्हणून शेतातल्या बांबूलाही तोडीचा आणि वाहतुकीचा परवाना लागे. २०१७ च्या सुधारणेने वनक्षेत्राबाहेरील बांबू त्या व्याख्येतून वगळला. बांबू लागवडीकडे महाराष्ट्रातील शेतकरी त्यानंतर नव्या आशेने पाहू लागला, हे गावोगाव दिसते. जे लावले ते आपलेच राहणार, ही खात्री पटली की माणूस लावतो आणि जपतोही.

हे शहाणपण या मातीला नवे नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी जे लिहिले, ते आजच्या विधी खात्याने समोर ठेवावे असे आहे. आरमारास लाकूड हवे. ते राज्यातील अरण्यातून परवानगीने आणावे, कमी पडेल ते बाहेरून विकत आणावे. आंबा, फणस हीही आरमाराच्या कामाची लाकडे. पण त्यांना हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी बहुत काळ वाढवलेली असतात आणि ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पारावार उरत नाही, असा त्या आज्ञेचा आशय आहे. एखादे झाड अगदी जीर्ण झालेच असेल तर धन्याला राजी करून, त्याचे मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बळजबरी करू नये. येथे झाड वाचते ते त्यामागचा माणूस ओळखल्यामुळे. दंड आहे तो रयतेवर नव्हे. वचक आहे तो सरकारी माणसावर. १८७८ चा इंग्रजांचा वन कायदा आला आणि ही दिशा उलटी झाली. अरण्य सरकारचे, गावकरी संशयित आणि वनरक्षक पहारेकरी, हे नाते तेव्हापासून जे रुजले ते स्वातंत्र्यानंतरही फारसे बदलले नाही.

दंडच हवा असेल तर त्याचाही विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगरोपवनातील फुलाफळांच्या व सावलीच्या झाडांची पालवी तोडल्यास एक दंड, लहान फांदीस त्याहून अधिक, मोठ्या फांदीस आणखी अधिक, खोड तोडल्यास फारच मोठा, अशी चढती श्रेणी आहे. आणि सीमेवरील वा पूजास्थानातील वृक्ष असेल तर तोच दंड दुप्पट. झाडाची जात पाहून नव्हे, तर गावाच्या जीवनातील त्याचे स्थान पाहून शिक्षा ठरवण्याची ही दृष्टी आहे. १९६४ च्या सोळा नावांच्या यादीपेक्षा ती अधिक प्रगत म्हणावी लागेल.

तथापि प्रत्येक जमीनमालक आज्ञापत्रातील रयतच असतो, असेही समजण्याचे कारण नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी-दोडामार्ग पट्टा पाहावा. सह्याद्रीच्या दोन संरक्षित वनांना जोडणारा हा वन्यजीवांचा मार्ग. येथील खासगी जंगले डोंगरच्या डोंगर साफ होऊन रबर आणि अननसाच्या लागवडीखाली जाऊ लागली. जमीन अनेकदा गावाबाहेरच्या माणसाची, ठेकेदार परका. गावाच्या वाट्याला येई ती आटलेली ओढ्याची धार. प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये येथील वृक्षतोडीवर बंदी घातली आणि २०२४ मध्ये या पट्ट्यातील पंचवीस गावे पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्यास सांगितले. मधल्या दहा वर्षांत तोड थांबली नसल्याच्या तक्रारी न्यायालयापुढे येतच राहिल्या. न्यायालय आदेश देऊ शकते. रात्री दोन वाजता घाटातून उतरणाऱ्या ट्रकसमोर उभे राहू शकत नाही. ते काम गावच करू शकते, आणि गावाला तर या सगळ्यात कोणी पक्षकारही मानलेले नसते.

याच दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे नावाचे गाव आहे. तेथे रानजायफळाची एक दुर्मीळ दलदलीची राई आहे. आकाराने अडीच हेक्टरांच्या आसपास. अशा राया सह्याद्रीत आता मोजक्याच उरल्या आहेत. ती राहिली, कारण ती देवाची राई म्हणून गावाने पिढ्यान्‌पिढ्या जपली. पुढे अभ्यासक आले, त्यांनी तिचे महत्त्व सांगितले आणि शासनाने तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. एकाच तालुक्यातील ही दोन चित्रे. एकीकडे न्यायालयाची बंदी असूनही कुऱ्हाड थांबत नाही, दुसरीकडे कायद्याचे नावही नसताना शेकडो वर्षे ती पडत नाही. देवराईचे हे सामर्थ्य डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक यांनी सत्तरच्या दशकातच पश्चिम घाटात फिरून नोंदवले होते. त्याआधी 'अंधश्रद्धा' म्हणून ज्या गोष्टीची टिंगल होत असे, तिच्यावर मग शास्त्रीय नियतकालिकांत लेख येऊ लागले. असो.

पण श्रद्धा पुरेशी आहे, असे म्हणून स्वस्थ बसणेही चूक ठरेल. श्रद्धा ओसरते, गाव शहराकडे जातो, देवाच्या जमिनीला भाव येतो. कोकणात काही देवरायांच्या सातबाऱ्यावरून देवाचे नाव जाऊन शासनाचे नाव लागले आहे. ज्यांनी राखली त्यांनाच आता तेथे अतिक्रमक ठरण्याची भीती वाटते. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थानातील 'ओरण' म्हणजे तेथील देवरायांसंबंधी दिलेल्या निर्णयात याच प्रश्नाला हात घातला. त्या राज्यातील ओरणांची पाहणी करून त्या अधिसूचित कराव्यात असा आदेश दिला, देशभरातील देवरायांसाठी केंद्राने धोरण आखावे असे सुचवले, आणि त्यांच्या रक्षणात परंपरेने त्या सांभाळणाऱ्या समाजाला स्थान असावे हे तत्त्व मान्य केले. मुलीच्या जन्मानिमित्त १११ झाडे लावणाऱ्या पिपलांत्री या गावाचा त्या निर्णयात गौरवाने उल्लेख आहे. महाराष्ट्रात देवराया काही कमी नाहीत. राजस्थानसाठी न्यायालयाला सांगावे लागले. महाराष्ट्राने कोणी सांगण्याची वाट का पाहावी?

गावाला अधिकार दिल्यास काय होते, हे पाहण्यासाठी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाड्याला जावे. नव्वदच्या दशकाच्या आरंभी या वनवासी पाड्याभोवतीचे डोंगर उघडे पडले होते आणि पाण्यासाठी बायकांची वणवण चालली होती. वनवासी कल्याण आश्रमाचे कार्यकर्ते चैत्राम पवार यांनी गावाला एकत्र बसवले. गावाने स्वतःच नियम केले : जंगलात कुऱ्हाड चालवायची नाही, बैलगाडी न्यायची नाही, मोडेल त्याला दंड, पकडून देईल त्याला बक्षीस. पहाऱ्याच्या पाळ्या गावानेच लावल्या. सुमारे ४४५ हेक्टर जंगल असे उभे राहिले. विहिरींना पाणी आले, भाताचे पीक वाढले, आणि जंगलातील रानभाज्यांचा उत्सव पाहायला आता शहरांतून लोक जातात. २०२५ मध्ये चैत्राम पवार यांना पद्मश्री मिळाली. गडचिरोलीतील मेंढा-लेखाने हाच प्रवास वेगळ्या वाटेने केला : वनहक्क अधिनियमाखाली २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवले आणि २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना स्वतःच्या ग्रामसभेच्या हाती आणला. आदर्श गाव योजनेतील 'कुऱ्हाडबंदी' हा शब्द तर हिवरे बाजारमुळे घरोघरी पोहोचला. विचारसरणी वेगळ्या, जिल्हे वेगळे, पण तिन्ही ठिकाणी नियम गावाने केला आणि गावानेच पाळून घेतला.

हे सारे कायद्याच्या भाषेत उतरवणे अवघड नाही, कारण सामग्री बरीचशी तयार आहे. २००२ च्या जैवविविधता अधिनियमानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि विलंबाला राज्यांकडून महिना दहा लाख रुपये वसूल करण्याची तंबी दिली, तेव्हा या समित्या आणि नोंदवह्या देशभर धडाधड तयार झाल्या. किती घाईने आणि किती कागदोपत्री, हे सरपंचाला खासगीत विचारावे. आपल्या गावात अशी समिती आहे आणि आपण तिचे सदस्य आहोत, हे ठाऊक नसलेले सदस्य विपुल सापडतील. या मृतवत नोंदवहीत गावातील जुन्या वृक्षांचे एक पान जोडावे आणि त्या पानाला कायद्याचे बळ द्यावे. नोंदलेला वृक्ष, मग तो गावठाणात असो, रस्त्याकडेला असो वा देवस्थानच्या जमिनीत, ग्रामसभेच्या ठरावाशिवाय तोडता येणार नाही. महामार्ग असो की पाटबंधारे, आखणी करणाऱ्या खात्याने मोजणीपूर्वी ते पान पाहिले पाहिजे. नागरी कायद्यातील 'प्राचीन वृक्ष' ही संज्ञा गावालाही लागू करावी. वृक्ष खासगी शेतात असेल तर तो राखल्याबद्दल मालकाला काही मोबदला मिळावा. सावली सगळ्या गावाची आणि पिकाचे नुकसान एकट्याचे, हा न्याय नव्हे. आणि त्याचबरोबर शेतकऱ्याने स्वतः लावलेल्या झाडाची लागवडीच्या वेळीच नोंद करून तोडीच्या परवान्याची कटकट संपवावी. जुने कडक जपावे, नवे मोकळे सोडावे. आजचा कायदा नेमका याच्या उलट चालतो.

ग्रामसभाच ठेकेदाराने खिशात घातली तर? हा आक्षेप खोटा नाही. तसे होते आणि होईल. म्हणून ठराव गुप्तपणे नव्हे, तर दवंडी देऊन, महिला सदस्यांच्या उपस्थितीत व्हावा आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय असावी. पण एका अधिकाऱ्याला राजी करण्यापेक्षा पाचशे माणसांना राजी करणे ठेकेदाराला नेहमीच महाग पडते.

आक्षेप घ्यायचाच तर समाजाने स्वतःवरही घ्यावा. जीर्णोद्धाराच्या उत्साहात पिंपळाचा मातीचा पार उखडून तेथे चकचकीत फरशी बसवली जाते, बुंध्यालगत काँक्रीट ओतले जाते. मुळांना ना पाणी मिळते ना हवा, आणि वर देणगीदाराच्या नावाची पाटी खिळ्यांनी त्याच खोडावर ठोकली जाते. वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी शहरांच्या बाजारात वडाच्या फांद्यांचे भारे येतात. ते कोठून येतात? आसपासच्या खेड्यांतील वडांवरूनच. व्रत आहे ते जिवंत वृक्षाच्या पूजेचे. तोडलेल्या फांदीला सूत गुंडाळून दीर्घायुष्य कसले मागणार? मंदिरांचे विश्वस्त, गणेशोत्सव मंडळे, महिला मंडळे यांनी मनावर घेतले तर या गोष्टी कायद्याशिवाय एका वर्षात थांबतील.

कायदा बदलायला वेळ लागेल, पण नोंदीला वाट पाहावी लागत नाही. महाराष्ट्रातील गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा घेण्याची पद्धत आहे. सभेपूर्वी कार्यकर्त्यांनी शाळेतील मुलांना सोबत घेऊन गावातील जुने वृक्ष हिंडून पाहावेत. जमिनीपासून साडेचार फुटांवर सुतळीने खोडाचा घेर मोजावा. झाड कोणत्या गट क्रमांकात आहे, त्याला गावात काय नाव आहे, म्हाताऱ्या माणसांना त्याच्याविषयी काय आठवते, हे लिहून घ्यावे. कोठे 'वेताळाची चिंच' निघेल, कोठे 'सतीचा वड'. ती यादी सभेत वाचून दाखवावी, ती नोंदवहीत समाविष्ट करण्याचा ठराव मांडावा आणि ठरावाची प्रत तहसीलदार, सार्वजनिक बांधकाम विभागाचे उपअभियंता व वनक्षेत्रपाल यांच्याकडे देऊन पोच घ्यावी. उद्या रस्त्याची मोजणी करणारे पथक गावात येईल, तेव्हा सरपंचाच्या हातात निदान तो कागद असेल.